मारुती ८००: मालक नेमका कोण?

पुण्याहून भाचा आला होता. मी टेबलावर कागद पसरून बसलो होतो, कारण आमच्या मारुती ८००च्या नोंदणीची मुदत यंदा संपतेय आणि पुढच्या पाच वर्षांसाठी ती वाढवून घ्यायची आहे. गाडी १९९६ची, एमपी ०९, म्हणजे पक्की इंदूरची. भाच्याने आरसी उचलली, उलटसुलट वाचली आणि म्हणाला, "मामा, इथे उत्पादक म्हणून 'मारुती उद्योग लिमिटेड' लिहिलंय. विम्याच्या कागदावर मारुती सुझुकी. या दोन कंपन्या का?"

"एकच रे."

"मग ती सरकारी होती की जपानी?"

"दोन्ही. आणि त्याआधी एका पंतप्रधानांच्या मुलाची होती."

त्याने मोबाईल बाजूला ठेवला. बावीस वर्षांच्या मुलाने आपण होऊन मोबाईल ठेवला की समोरच्याने बोलून घ्यावं, म्हणून मी बोलत गेलो. जे बोललो ते जरा नीट करून इथे लिहितोय. या गाडीबद्दल लोक बहुधा आठवणी सांगतात: पहिली सहल, पहिला ओरखडा, मागच्या सीटवर कोंबलेली सहा पोरं. मला मात्र तिची गोष्ट मालकीच्या अंगाने सांगावीशी वाटते. कंपनी कुणाच्या हातात होती यावर गाडी कशी निघणार ते ठरलं. आणि आज ती आपल्या दारात कायदेशीर उभी राहील की नाही, हे आरसीवर कुणाचं नाव आहे त्यावर ठरतं.

सुरुवात परवान्यापासून. सत्तरच्या दशकात आपल्याकडे मोटार काढायची तर पैसा आणि कारखाना असून भागत नसे, वर्षाला किती गाड्या काढायच्या तो आकडासुद्धा सरकार ठरवून द्यायचं. मागणी दुप्पट झाली म्हणून उत्पादन दुप्पट करता येत नव्हतं. परिणाम सरळ होता. उत्तरपाड्याची अँबॅसॅडर म्हणजे विलायतेतली जुनी मॉरिस ऑक्सफर्ड, कुर्ल्याची पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००, मद्रासला स्टँडर्ड. गिऱ्हाईक रांगेत उभंच असल्यामुळे गाडी सुधारायची घाई कुणालाच नव्हती. १९८०च्या आसपास अख्ख्या देशात वर्षाला जेमतेम तीस-चाळीस हजार मोटारी बनत.

सामान्य माणसाला परवडेल अशी देशी छोटी गाडी काढायचा परवाना मिळवला तो संजय गांधींनी. १९७० साली इरादापत्र मिळालं, वर्षाला ५० हजार गाड्यांचं. जून १९७१मध्ये मारुती लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि दिल्लीजवळ गुडगावला सुमारे तीनशे एकर जागा मिळाली. पंतप्रधानांच्या मुलाला हे सगळं इतकं सहज कसं मिळालं, यावर तेव्हा संसदेत आणि बाहेर भरपूर गदारोळ झाला आणि तो उगाच नव्हता. गाडी मात्र बाजारात आलीच नाही. १९७८मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कंपनी गुंडाळली गेली. २३ जून १९८० रोजी संजय गांधी विमान अपघातात गेले. त्याच वर्षी सरकारने कायदा करून बंद पडलेली कंपनी ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी १९८१मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही नवी सरकारी कंपनी नोंदवली. आमच्या आरसीवरचं नाव ते हेच. बुडालेल्या दुकानाची पाटी नव्या दुकानावर लावावी, तसं 'मारुती' हे नाव तेवढं मागच्या पानावरून पुढे आलं.

जागा होती, नाव होतं, सरकारचा पैसा होता. गाडी नव्हती. ती बाहेरून आणायची होती आणि त्यासाठी भागीदार हवा होता. नव्या कंपनीचे अधिकारी व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव या दोघांनी जगभर बोलणी केली आणि शेवटी गाडी जपानच्या सुझुकीपाशी थांबली. जपानातल्या मोठ्या कंपन्यांपुढे सुझुकी तेव्हा लहान होती. २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला. सुझुकीचा वाटा २६ टक्के.

भाचा इथे अडला. "सव्वीसच का? पंचवीस का नाही?"

प्रश्न चांगला होता. कंपनी कायद्यानुसार मोठे निर्णय, म्हणजे घटनापत्रात बदल वगैरे, विशेष ठरावाने होतात आणि त्याला ७५ टक्के मतं लागतात. ज्याच्याकडे पंचवीसपेक्षा जास्त मतं आहेत तो एकटा 'नाही' म्हणून ठराव पाडू शकतो. सोसायटीत प्रत्येक सभासद हो म्हटल्याशिवाय गच्चीवर पत्रे घालता येत नाहीत, असं समजा. सुझुकी त्या सभासदांतली एक झाली. घर चालवणारं सरकार, पण सुझुकीला विचारल्याशिवाय पत्रे घातले जाणार नाहीत.

आता गाडीकडे. सुझुकीने १९७९मध्ये जपानात आल्टो नावाची छोटी गाडी आणली होती, किंमत ४ लाख ७० हजार येन. तिथल्या बाजाराच्या मानाने हे स्वस्त होतं आणि त्यामागे एक कागदी युक्ती होती. प्रवासी गाडीवर जपानात वस्तू-कर लागे, मालवाहू गाडीवर नाही. मग आल्टोची नोंदणी व्यापारी गाडी म्हणून होईल अशीच तिची रचना केली. मागे सीट होतं, पण कागदावर ते माल ठेवायच्या जागेपुढे दुय्यम. मला हे फार आवडतं. आपल्या आठशेची आजी कर वाचवूनच जन्माला आली होती.

जपानात छोट्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे, केई. त्या काळी त्यांच्या इंजिनाला ५५० सीसीची मर्यादा होती. परदेशी पाठवायच्या गाडीला ती मर्यादा लागत नव्हती, म्हणून निर्यातीसाठी थोडं मोठं इंजिन केलं होतं, ७९६ सीसीचं. तेच भारतात आलं. 'आठशे' हा आकडा तिथून.

सीसी म्हणजे नेमकं काय, हे निम्म्या गाडीवाल्यांना सांगता येत नाही, म्हणून हिशेब करूनच दाखवतो. इंजिनात तीन सिलिंडर, म्हणजे तीन गोल नळकांडी. प्रत्येकाचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि आतला दट्ट्या वरखाली ७२ मिलिमीटर सरकतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची केली की एका सिलिंडरचे २६५ घन सेंटिमीटर येतात. तिनाने गुणा, ७९६. एक मोठा ग्लास पाणी तिप्पट केलं की झालं आमच्या गाडीचं हृदय.

इंदूरकर म्हणून इथे एक आडवाट घेतोच. याच गावच्या यशवंतराव होळकर महाराजांसाठी १९३०च्या दशकात अमेरिकेची ड्यूझनबर्ग एसजे बांधली गेली, तिचा सांगाडा अमेरिकेतला आणि अंग विलायतेच्या गर्नी नटिंगने चढवलेलं. तिचं इंजिन आठ सिलिंडरचं, ६.९ लिटरचं. आमच्या आठशेची साडेआठ इंजिनं त्यात बसतील. एका गावाने गाडीची दोन टोकं पाहिली, हे मी होळकरांच्या माणिकबाग महालावरून जाताना दर वेळी स्वतःशी म्हणतो. मागचे हॉर्न वाजवतात तो भाग वेगळा.

तर, ७९६ सीसीत भागलं कसं? त्याचं उत्तर वजनात आणि मांडणीत आहे. अँबॅसॅडर टनाच्या वरची, तर आठशे साडेसहाशे किलोच्या आसपास. अँबॅसॅडरमध्ये इंजिन लांबीला समांतर आणि त्याची ताकद एका लांब दांड्याने मागच्या चाकांकडे जाते. म्हणून मधे फरशीला उंचवटा येतो आणि मागे मधे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात. आठशेत इंजिन आडवं ठेवलं आणि पुढचीच चाकं फिरवली. लांब दांडा गेला, त्याचं वजन गेलं, फरशी सपाट झाली. सव्वातीन मीटरच्या थोडी वर लांबी असलेल्या गाडीत चार माणसं बऱ्यापैकी बसू लागली. सराफ्याकडच्या गल्लीत, जिथे रात्री पाय ठेवायला जागा नसते, तिथे माझी गाडी वळते तेव्हा नव्या मोठ्या गाडीवाल्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

हलकेपणाची दुसरी बाजूही आहे आणि ती कुणी सांगत नाही. पाच माणसं आणि त्यांचं सामान म्हणजे साडेतीनशे-चारशे किलो. अँबॅसॅडरला हे ओझं स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश. आठशेला निम्म्याहून जास्त. त्यामुळे छोट्या गाडीला आपली माणसं जाणवतात. आम्ही दर मे महिन्यात धुळ्याला आत्याकडे जायचो. मानपूर सोडलं की भेरूघाट, खलघाटला नर्मदेवर थांबून पैसे टाकायचे, मग सेंधवा आणि बिजासनचा घाट. चाळिशीच्या आतली अश्वशक्ती, पाच जण, टपावर बिछाने. बाबा घाटाच्या पायथ्याशी एसी बंद करायचे, दुसरा गिअर टाकायचे आणि आईला म्हणायचे, "आता कुणी बोलू नका." बोलण्याने गाडीवर काय भार पडतो ते मला अजून कळलेलं नाही.

पहिली गाडी रस्त्यावर आली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी. तारीख मुद्दाम निवडलेली होती, तो संजय गांधींचा जन्मदिवस. इंदिरा गांधींनी किल्ली दिली ती हरपाल सिंग या इंडियन एअरलाइन्समधल्या कर्मचाऱ्याला, गाडीचा नंबर डीआयए ६४७९. सोडतीत त्यांचं नाव निघालं होतं. घरची फियाट विकून त्यांनी ही घेतली आणि २०१०मध्ये वारले तोवर ठेवली. नंतर बरीच वर्षं ती उघड्यावर गंजत होती. पुढे कंपनीने ती नीट करून आपल्या मुख्यालयात मांडली.

किंमत तेव्हा ४७,५०० रुपयांच्या घरात. दहा हजार भरून नाव नोंदवायचं होतं आणि दोन महिन्यांत सव्वा लाखाच्या वर लोकांनी पैसे भरले. ज्या देशात वर्षाला चाळीस हजार गाड्या बनत, तिथे ही संख्या कागदावर बघा. गाडी निघायच्या आधीच कंपनीच्या हाती शंभर कोटींच्या वर रक्कम. नंबर लागलेली चिठ्ठीसुद्धा 'ऑन', म्हणजे वरचे पैसे घेऊन विकली जायची. ज्याला गाडी नको त्यालाही नंबर हवा असे.

हे पहिलं मॉडेल एसएस८०, चौकोनी खोक्यासारखं. १९८६मध्ये नवं अंग आलं, जे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पुढे १९९७मध्ये तोंडावळा जरा गोल केला, २०००मध्ये हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. इंजिनाचा गाभा शेवटपर्यंत तोच.

पण १९८५ साली एक गोष्ट घडली जिचा आपल्याकडच्या माणसाला पत्ताही नव्हता. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर स्वस्त करायचं ठरवलं. डॉलरला २४० येन मिळायचे ते वर्ष-सव्वा वर्षात १५०च्या आसपास आले. म्हणजे येन महागला. मारुतीचे भाग तेव्हा मोठ्या प्रमाणात जपानहून येत होते, त्यामुळे प्रत्येक भागाची रुपयातली किंमत चढली. सरकारने आधीच अट घातली होती की काही वर्षांत बहुतेक सगळे भाग इथेच बनले पाहिजेत. आता ती अट देशप्रेमापेक्षा हिशेबाची झाली. काचा, सीट, स्टिअरिंग, बॅटरी, दिवे बनवणारे कारखाने गुडगावच्या आसपास उभे राहिले, त्यातल्या अनेकांत सुझुकीच्याच जपानी पुरवठादारांची भागीदारी होती. भारतातल्या आजच्या सुट्या भागांच्या धंद्याचं बी तिथे पडलं. त्याच काळात आमच्या इंदूरशेजारी पीथमपूरला कायनेटिक होंडाच्या स्कूटर आणि आयशर-मित्सुबिशीचे ट्रक निघू लागले होते. जपानी माणसं तेव्हा इंदूरच्या हॉटेलांत दिसायची आणि पोहे-जिलेबीकडे संशयाने बघायची.

मालकी हळूहळू सरकत होती. सुझुकीचा वाटा सव्वीसवरून चाळीस झाला आणि १९९२मध्ये पन्नास. पन्नास-पन्नास म्हणजे दोन भावांचं सामाईक घर. रंग कुठला लावायचा यावरही दोघांची सही लागते. १९९७मध्ये व्यवस्थापकीय संचालक कोण, यावरून सरकार आणि सुझुकी यांचं जोरात वाजलं, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. २००२मध्ये सुटका झाली. कंपनीने जुन्या भागधारकांना हक्काचे नवे शेअर देऊ केले, सरकारने आपला हक्क सोडला आणि त्या बदल्यात सुझुकीने सरकारला १,००० कोटी रुपये दिले. या पैशाला नियंत्रणाची किंमत म्हणतात. शेअरची किंमत वेगळी, आणि 'आता घर मी चालवणार' या शब्दाची किंमत वेगळी. सुझुकीचा वाटा ५४ टक्क्यांच्या वर गेला. २००३मध्ये शेअर बाजारात आला १२५ रुपयांना, २००७मध्ये सरकारने उरलेला हिस्साही विकला आणि त्याच वर्षी कंपनीचं नाव मारुती सुझुकी इंडिया झालं. सरकारने धंदा करू नये म्हणणारे आणि सरकारने सोनं विकलं म्हणणारे, दोघंही याच उदाहरणाचा दाखला देतात. माझं मत विचाराल तर सरकारने योग्य वेळी आत जाऊन योग्य वेळी बाहेर पडायची अशी गोष्ट क्वचित घडते.

आता धूर. गाडी बंद पडली ती लोकांना नकोशी झाली म्हणून, असं सांगितलं जातं आणि ते अर्धं खरं आहे. २००४पर्यंत ती देशात सर्वाधिक विकली जाणारी मोटार होती, मग तिची धाकटी बहीण आल्टो पुढे गेली. पण शेवटचा घाव धुराच्या नियमांचा. हे नियम आपल्याकडे गावागावाने आले, हे लक्षात ठेवा. १९९५च्या एप्रिलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, सक्तीचा झाला तो चार महानगरांत. माझी गाडी १९९६ची आणि इंदूरची, म्हणून तिला तो नाही. एप्रिल २०१०मध्ये 'भारत स्टेज चार' हा या नियमांचा पुढचा, कडक टप्पा आला तो तेरा शहरांत. मुंबई, पुणे, अहमदाबाद, सुरत त्यात होतीच, सोलापूरही होतं. इंदूर नव्हतं. कंपनीने इंजिन नव्याने सुधारण्यापेक्षा त्या शहरांत आठशे विकणंच थांबवलं. सोलापूरला नवी आठशे मिळेना आणि इंदूरला शोरूममधून निघायची, अशी काही वर्षं गेली. १८ जानेवारी २०१४ रोजी उत्पादन थांबलं. देशात साडेसव्वीस लाखांच्या वर गाड्या विकल्या गेल्या होत्या.

आता आपल्या दारातली

भाच्याचा खरा प्रश्न इथे आला. "एवढी जुनी गाडी ठेवायची कशाला?" ते मी सांगू शकत नाही. ठेवायची कशी, ते सांगू शकतो.

आधी पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे साधारण सहा-सात टक्के, तेवढा ॲव्हरेज कमी होणारच. त्यात मिस्त्रीचा दोष नाही. खरी भानगड वेगळी. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट पुरते. मिश्रणाला त्यामुळे साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीत धुराच्या नळीत सेन्सर असतो, तो चव घेतो आणि संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. कार्बोरेटर म्हणजे वाटीच्या मापाने पोहे भिजवणारा माणूस. पोहे जाड आले काय, पातळ आले काय, तो तेवढंच पाणी घालणार. म्हणून जुनी आठशे सकाळी थंडीत जास्त कुरकुरते, चोक जरा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो.

दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. मी गेल्या वर्षी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. इंजिनावरच्या यांत्रिक पंपाचा पडदाही बदलला. गाडी दोन-दोन महिने उभी ठेवली तर कार्बोरेटरच्या वाटीत गाळ धरतो, जेट बंद होतो. आमचा मिस्त्री त्याच्या मालवी हिंदीत म्हणतो, "भिया, खड़ी गाड़ी चलती गाड़ी से ज्यादा खाती है।" आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर, टाकी शक्यतो भरलेली. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून ओल कमी.

सुटे भाग मिळतात का, हे सगळे विचारतात. मिळतात, आणि त्याचं श्रेय ओम्नीला. हेच ७९६चं इंजिन घालून ओम्नी २०१९पर्यंत बनत होती, त्यामुळे गॅस्केट, क्लच प्लेट, पंप, टायमिंग बेल्ट या गोष्टींची ददात नाही. टायमिंग बेल्टचं मात्र किलोमीटरवर जाऊ नका. कमी चाललेल्या गाडीतही रबर वयाने तडकतं. कधी बदलला ते आठवत नसेल तर बदला.

माळव्याच्या कोरड्या हवेची एक देणगी म्हणजे गंज कमी. मुंबईहून आणलेली आठशे आणि इंदूरची आठशे शेजारी ठेवा, फरक कळेल. तरी विकत घेताना पायाखालचं कार्पेट उचलून बघाच. फरशी, बॅटरीखालचा ट्रे, दरवाजांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांच्या कमानी. रंग ताजा आणि कार्पेटखाली ओल असेल तर विक्रेत्याचा चहा पिऊन घरी या.

कागदांचं सांगतो, कारण खरं दुखणं तिथेच असतं. नव्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून, फॉर्म २५ भरून ती वाढवायची, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची जी भानगड आहे ती इथे नाही. शुल्क मात्र बघा. २०२१मध्ये मी ६०० रुपये भरले होते. एप्रिल २०२२पासून ते ५,००० झालं. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. माझी तीस वर्षांची, म्हणजे दहा हजार. १९८३मध्ये गाडीचं नाव नोंदवायला लोक नेमके एवढेच भरत होते. उशीर झाला तर महिन्याला ५०० दंड वेगळा.

आमच्या बाबतीत २०११च्या पहिल्याच नूतनीकरणाला घोळ झाला. बाबांनी गाडी कर्जावर घेतली होती, हप्ते २००१मध्ये फिटले. पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. कर्जावरच्या गाडीवर बँकेचा बोजा नोंदलेला असतो आणि कर्ज फिटलं म्हणून तो आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ दिल्यावरच जातो. बाबांनी ते कधी दिलंच नव्हतं. त्या शाखेचा पत्ता बदललेला, जुनं खातं सापडेना, साहेब रजेवर. सात फेऱ्या मारल्या मी. म्हणजे दहा वर्षं जी गाडी आम्ही आपली म्हणून धुतली-पुसली, ती कागदावर बँकेचीही होती. ज्यांनी कर्ज फेडलंय त्यांनी आज उठून आरसी बघावी.

बाबा गेल्यावर पुन्हा कागद. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो, तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. विकली असेल तर २९ आणि ३०. आता आरसीवर आधीच वारसाचं नाव टाकून ठेवता येतं, २०२१पासून. मी आईचं टाकलंय. तिला गाडी चालवता येत नाही, पण तिच्या मते घाटात न बोलण्याचं योगदान तिचंच मोठं आहे.

"मग ही व्हिंटेज कधी होणार?" भाच्याने विचारलं. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी त्या वर्गात नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. अगदी पहिल्या आठशेलाही त्यासाठी डिसेंबर २०३३ उजाडेल. आमची २०४६ला. आणि एकदा ती पाटी लागली की रोज भाजी आणायला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे ड्यूझनबर्गच्या पंक्तीला बसायचं तर मंडईत जायचं सोडावं लागेल. मला नको.

दुपारी नायता मुंडल्याच्या आरटीओत जायचं होतं. अर्जाला चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला छाप जोडायचा होता. भाच्याने बॉनेट उघडलं, चिंधीने तो भाग पुसला, नंबरावर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायला लागला. आकडे एकेक करून उमटत गेले. आरसीशी त्याने ते बोट ठेवून जुळवले. मधला एक पुसट आला होता.

"मामा, खोडरबर आहे का?"

"खोडायचं नसतं त्यात. दुसरा कागद घे."